संशोधन, नवोपक्रम आणि विद्यापीठाचे कार्यालय : सोलापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

विद्यापीठ म्हटले की परीक्षा, पदवी आणि संलग्नता या तीन गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभ्या राहतात. संलग्न महाविद्यालयातील प्राध्यापकाचा विद्यापीठ कार्यालयाशी येणारा संबंधही बहुतांशी याच तीन कारणांनी येतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून अमलात आला आणि या तीन कामांत एका चौथ्या कामाची रीतसर भर पडली. नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी स्वतंत्र संचालक आणि स्वतंत्र मंडळ या कायद्याने निर्माण केले. संशोधकाच्या हाती आलेले नवे ज्ञान कायद्याने सुरक्षित करणे, ते उद्योगापर्यंत नेणे आणि त्यातून व्यवसाय उभा राहण्यास साहाय्य करणे, हे आता विद्यापीठाचे वैधानिक कर्तव्य ठरले आहे. त्यापूर्वीच्या १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ होते. संशोधन प्रकल्पांचे प्रस्ताव, अनुदाने, शिक्षकांचे उद्बोधन अशी अनेक कामे त्याच्याकडे असत. परंतु उद्योगाशी व्यवहार करणारे कार्यालय असे त्याचे स्वरूप नव्हते.

कायद्याने कार्यालय निर्माण होते, परंपरा निर्माण होत नाही. म्हणून हे नवे कार्यालय कोणत्या जुन्या कामाचे वारसदार आहे, असा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयास हवा. संशोधन आणि उद्योग यांची गाठ महाराष्ट्रात जेथे प्रत्यक्ष पडली, तेथे ती बाजारातून, शेतातून आणि कारखान्यातून आलेल्या प्रश्नामुळे पडली. पेटंट आणि परवाने ही त्यानंतरची पायरी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सोलापूरच्या संदर्भात या मताची तपासणी करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

चार विद्यापीठांचा जिल्हा :

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. त्या वेळी विद्यापीठाचे काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच होते. अध्यापन महाविद्यालयांत होत असे आणि संशोधनाची जबाबदारी कोणाचीच नव्हती. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने अध्यापन आणि संशोधन करण्याची मुभा विद्यापीठांना मिळाली. मुंबईत समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली १९१९ मध्ये सुरू झाला. म्हणजे स्थापनेनंतर सुमारे सहा दशके हे विद्यापीठ मुख्यतः एक परीक्षा कार्यालयच होते. आजही कोणत्याही विद्यापीठात परीक्षा विभागाची इमारत आणि त्यापुढील रांग पाहिली, तर हा वारसा अद्याप संपलेला नाही हे ध्यानात येते.

सोलापुरात दयानंद महाविद्यालय १९४० मध्ये सुरू झाले, ते मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि सोलापूर त्याच्या कक्षेत गेले. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाले, तेव्हा हा जिल्हा तिकडे जोडला गेला. १ ऑगस्ट २००४ पासून केवळ एका जिल्ह्यासाठी सोलापूर विद्यापीठ कार्यान्वित झाले. २०१९ मध्ये त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठाचे मुख्यालय याप्रमाणे मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि अखेर केगाव असे जवळ येत गेले. प्रशासकीय सोय हा या प्रवासाचा एक भाग झाला. जिल्ह्याचे प्रश्न हे विद्यापीठाचे प्रश्न होण्याची शक्यता या प्रवासाने प्रथमच निर्माण केली, ही बाब अधिक महत्त्वाची आहे.

तोपर्यंत सोलापूरविषयी संशोधन झालेच नव्हते, असे मात्र नाही. ते विद्यापीठाच्या बाहेर झाले. दुष्काळप्रवण भागातील कोरडवाहू शेतीचे संशोधन सोलापूर येथे १९३३ मध्ये सुरू झाले. जमिनीतील ओल टिकविणे, बांधबंदिस्ती, पेरणीतील अंतर अशा रोजच्या प्रश्नांवर तेथे काम झाले, आणि या कामाशी निगडित असलेल्या ना. वि. कानिटकर यांचा भारतातील कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. याच जिल्ह्यातील मोहोळ येथील संशोधन केंद्रावर स्थानिक वाणांतून निवड करून मालदांडी ३५-१ हे रब्बी ज्वारीचे वाण सिद्ध करण्यात आले. या वाणाने पुढे अनेक दशके दख्खनच्या पठारावर आपले स्थान टिकवून ठेवले. विणकर समाजांचे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने केले, रा. गो. काकडे यांनी केलेला तो अभ्यास १९४७ मध्ये प्रकाशित झाला.

ही तिन्ही उदाहरणे उपयुक्त संशोधनाची आहेत आणि तिन्हींचा आरंभ प्रश्नापासून झाला आहे : पाऊस पडला नाही तर काय पेरावे, कोणते कणीस धरावे, हातमागावर पोट भरते का? त्यांच्यामागे सरकारी कृषिखाते किंवा स्वतंत्र संस्था होती, विद्यापीठ नव्हते. या ज्ञानाचे ‘व्यापारीकरण’ झाले असे कोणी म्हणणार नाही; परंतु ते शेतकऱ्याच्या घरात पोहोचले, आणि पोहोचविण्याचे काम कोणीतरी जाणीवपूर्वक केले होते.

मुंबईचा प्रयोग :

विद्यापीठाने स्वतः उद्योगाशी नाते जोडल्याचे महाराष्ट्रातील पहिले ठळक उदाहरण म्हणजे मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग. १ ऑक्टोबर १९३३ रोजी तो सुरू झाला. वस्त्र-रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे त्याचे आरंभीचे विषय होते. त्या काळची मुंबई ही गिरण्यांची मुंबई होती. कापड रंगविणे, विरंजन करणे, छपाई करणे या कामांसाठी प्रशिक्षित माणूस हवा होता आणि रंग बाहेरून आणावे लागत होते. विभागाचे पहिले संचालक आर. बी. फॉर्स्टर हे होते. १९३८ मध्ये के. वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये निघाला आणि जगभर प्रमाण मानला गेला. गिरणीच्या रंगाईतून उद्भवलेला प्रश्न मूलभूत रसायनशास्त्रापर्यंत कसा जाऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे. उपयोजित संशोधन म्हणजे दुय्यम संशोधन, हा आपल्याकडील जुना समज या एका उदाहरणाने तरी डळमळावयास हरकत नाही.

या विभागात तंत्रज्ञान हस्तांतरणाचे वेगळे कार्यालय आरंभी नव्हते. मग काय होते? उद्योगांना सल्ला देण्याची प्राध्यापकांना मुभा होती, उद्योगांच्या देणग्यांतून अध्यासने व शिष्यवृत्त्या होत्या, आणि कारखान्यांत पसरलेले माजी विद्यार्थी होते. पुढील काळात मनमोहन शर्मा यांच्यासारख्या संचालकांनी सल्लागारीचे हे काम प्रतिष्ठेचे मानले. एखाद्या रासायनिक प्रक्रियेत अडचण आली तर कारखान्यातील व्यवस्थापक आपल्या जुन्या शिक्षकाकडे जात असे. व्यवहार अनौपचारिक होता, पण वाट रोजच्या वहिवाटीची होती. २००८ मध्ये या विभागाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि आज तो रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखला जातो. मातृविद्यापीठाच्या कार्यालयातून मोकळे झाल्यावर त्याचे काम अधिक सुकर झाले की काय, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. विद्यापीठीय प्रशासनास तो फारसा सुखावह ठरणार नाही.

याच काळात सोलापुरातही गिरण्या होत्या. १८७७ मध्ये सुरू झालेली ‘जुनी मिल’ १९६३ मध्ये बंद पडली, आणि कापडधंदा क्रमाने यंत्रमागाकडे वळला. सूत रंगविणारे, डॉबी व जॅकार्डवर नक्षी बसविणारे, टॉवेल विणणारे कसबी कारागीर शहरात प्रचंड संख्येने होते. मात्र मुंबईतील गिरणीमालक ज्या सहजतेने विद्यापीठाच्या दारात जाऊ शकले, तसे दार येथे नव्हते. मुंबईच्या गिरणीला रसायनशास्त्रज्ञ मिळाला. सोलापूरच्या मागाला सर्वेक्षक मिळाला. दोघांचेही काम मोलाचे होते, पण मागवाल्याच्या रंगातील दोष सर्वेक्षणाने निघत नाही.

पेटंट कोणाचे?

परदेशांतील विद्यापीठांनी हे काम संघटितपणे हाती घेतले, ते विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी १९२५ मध्ये एक संशोधन प्रतिष्ठान स्थापन केले. हॅरी स्टीनबॉक या प्राध्यापकाने अतिनील किरणांच्या साहाय्याने अन्नातील ड जीवनसत्त्व वाढविण्याची पद्धत शोधली होती. तिचे पेटंट या प्रतिष्ठानाने सांभाळले आणि मिळालेला पैसा विद्यापीठाच्या संशोधनाकडे वळविला. या गोष्टीची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. विस्कॉन्सिन हे दुधालोण्याचे राज्य होते. तेथील गोपालकांचे हित जपण्यासाठी प्रतिष्ठानाने कृत्रिम लोण्याच्या उत्पादकांना ही पद्धत वापरण्याची परवानगी नाकारली. स्वस्त म्हणून ते लोणी गरीब माणूस खात होता, आणि मुडदूस हा मुख्यतः गरिबांच्या मुलांना ग्रासणारा रोग होता. १९४० च्या दशकात हा वाद न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने याच मुद्द्यावर कठोर भाष्य केले आणि पेटंटही टिकले नाही. स्थानिक उद्योगाचे रक्षण आणि सार्वजनिक हित यांतील हा पेच कोणत्याही विद्यापीठ कार्यालयासमोर उभा राहू शकतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९७० मध्ये तंत्रज्ञान परवान्यांसाठी स्वतंत्र कार्यालय सुरू केले. १९८० मध्ये अमेरिकेत झालेल्या बेह-डोल कायद्याने सरकारी अनुदानातून निघालेल्या शोधांचे स्वामित्व विद्यापीठांना घेता येऊ लागले, आणि अशी कार्यालये सर्वत्र निघाली. त्याच धर्तीचे विधेयक भारतात २००८ मध्ये संसदेत मांडले गेले. त्यावर बरीच टीका झाली आणि त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

या टीकेमागे एक अनुभव होता. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणधर्मावर १९९५ मध्ये अमेरिकेत जे पेटंट दिले गेले, ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला. म्हणजे ज्ञान ‘सुरक्षित’ करण्याचे काम येथे एका विद्यापीठानेच केले होते. प्रश्न इतकाच होता की ते ज्ञान त्याचे नव्हते. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिले. जुने ग्रंथ आणि १९५३ मध्ये एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला लेख यांसह अनेक संदर्भ पुराव्यादाखल सादर झाले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आपल्या घरातील आजीला जे ठाऊक होते, ते सिद्ध करण्यासाठी छापील कागद लागला. इतिहासाच्या अभ्यासकाने या घटनेकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. पेटंटच्या व्यवहारात ‘हे पूर्वी ज्ञात होते काय’ हा मूळ प्रश्न असतो, आणि तो स्वरूपतः इतिहासाचा प्रश्न आहे.

सोलापूरचे प्रश्न :

हा पेच आपल्या जिल्ह्यात तपासून पाहण्यास तीन वस्तू पुरेशा आहेत : चादर, ज्वारी आणि डाळिंब.

भौगोलिक चिन्हांकनाचा १९९९ चा कायदा सप्टेंबर २००३ मध्ये अमलात आला, आणि सोलापुरी चादर व सोलापुरी टॉवेल यांची नोंदणी २००५-०६ मध्येच झाली. देशातील अगदी आरंभीच्या नोंदण्यांत त्यांचा समावेश होतो. या नोंदणीचा स्वभाव पेटंटहून भिन्न आहे. पेटंट संशोधकाला किंवा त्याच्या संस्थेला मिळते आणि वीस वर्षांनी संपते. भौगोलिक चिन्ह हे त्या प्रदेशातील उत्पादकांच्या समूहाचे असते आणि त्याचे नूतनीकरण करता येते. कोणत्याही विद्यापीठाने ‘हे आमचे’ म्हणून त्यावर नाव घालू नये, अशीच त्याची रचना आहे. मात्र नोंदणीने वस्तूचे नाव सुरक्षित होते, वस्तू सुधारत नाही. अन्यत्र विणलेली स्वस्त चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाते, ही तक्रार नवी पेठेसारख्या बाजारपेठेत जुनी आहे. खरी चादर कशी ओळखावी, रंग किती धुण्यांपर्यंत टिकतो, सुताचा पोत कोणता, यांचे प्रमाणित परीक्षण हे विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होऊ शकणारे काम आहे. सूत रंगविणाऱ्या कारखान्यांतील सांडपाण्याचा प्रश्नही तसाच आहे. त्यातून पेटंट निघेलच असे नाही. परंतु ज्याला हा प्रश्न भेडसावतो त्याच्या दृष्टीने त्याचे उत्तर कोणत्याही पेटंटइतकेच मोलाचे आहे.

नक्षीच्या बाबतीत एक बारकावा सांगणे आवश्यक वाटते. आकृतिबंधाच्या नोंदणीसाठी २००० चा स्वतंत्र कायदा आहे. प्रथम दहा वर्षे आणि पुढे पाच वर्षे असे संरक्षण त्यात मिळते. मात्र नक्षी नवी आणि यापूर्वी प्रसिद्ध न झालेली असावी लागते. आधी चादर विणून बाजारात लावली आणि नंतर नोंदणीचा विचार केला, तर उशीर झालेला असतो. प्राध्यापकांचीही गत याहून निराळी नसते. आधी परिषदेत निबंध वाचावा, कार्यवृत्तात छापून आणावा आणि मग पेटंटची चौकशी करावी, हा आपला क्रम. एकदा प्रसिद्ध झालेल्या गोष्टीचे नावीन्य संपते हा सर्वसाधारण नियम असून त्याचे अपवाद अत्यंत मर्यादित आहेत. तात्पुरते विवरणपत्र आधी दाखल केल्यास पूर्ण विवरणपत्रासाठी बारा महिने मिळतात, एवढी साधी माहिती जरी वेळेवर मिळाली तरी कार्यालयाचे अर्धे काम झाले असे म्हणावे लागेल.

ज्वारीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळाले. त्याच वर्षी सोलापूरच्या डाळिंबालाही मिळाले. मालदांडी वाणाची निवड संशोधन केंद्रावर झाली हे खरे, पण ज्या कणसांतून ती झाली ती शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेली होती. पीक वाण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीच्या २००१ च्या कायद्याने ही गोष्ट मान्य केली आहे. उद्या एखाद्या विभागाने याच ज्वारीवर प्रक्रिया करून नवे उत्पादन सिद्ध केले, तर त्या उत्पन्नात मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याचा वाटा कोणता, हे कार्यालयाने करारातच लिहून ठेवले पाहिजे. हळदीच्या वेळी आपण ज्या बाजूस होतो, त्याच्या विरुद्ध बाजूस जाण्यास फार अंतर लागत नाही.

डाळिंबाच्या बाबतीत केगाव परिसरातच एक उदाहरण उपलब्ध आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये स्थापन झाले. तेल्या रोगाने बागा उद्ध्वस्त होत असताना या केंद्राकडे शेतकरी प्रश्न घेऊन गेले. ‘सोलापूर लाल’ हे लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व यांचे प्रमाण अधिक असलेले वाण याच केंद्राने विकसित केले. कृषी संशोधन परिषदेने २००६ मध्ये बौद्धिक संपदा आणि तंत्रज्ञान हस्तांतरण यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली व प्रत्येक संस्थेत त्यासाठी कक्षाची तरतूद केली. विद्यापीठ कायद्यातील तरतुदीपूर्वीचे हे एक दशक आहे. विद्यापीठाने ‘उद्यम’ या नावाने इनक्युबेशन केंद्र उभारून याच दिशेने पाऊल टाकले आहे. आपल्या शेजाऱ्याच्या अनुभवाचा त्यास लाभ व्हावा, अशी अपेक्षा अनाठायी नाही.

संलग्न महाविद्यालयांचे स्थान :

व्यापारीकरण या शब्दाविषयी अनेक सहकाऱ्यांच्या मनात शंका आहे आणि ती निराधार नाही. ज्या विषयाला बाजार नाही त्या विषयाचे काय, हा प्रश्न इतिहास व भाषा विभागांतून विचारला जातो. प्रस्तुत लेखकाला मात्र खरा धोका दुसरीकडे दिसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत राष्ट्रीय पेटंटला ७ आणि आंतरराष्ट्रीय पेटंटला १० गुण आहेत. २०२१ च्या नियमदुरुस्तीने शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत मिळाली. दोन्ही उपाय स्वागतार्ह आहेत. पण दोन्ही एकत्र आले की पेटंट हे पदोन्नतीच्या अर्जातील एक रकाना होऊन बसते. दाखल झालेले अर्ज, मंजूर झालेली पेटंटे आणि प्रत्यक्ष कोणी वापरण्यास घेतलेली पेटंटे या तीन संख्यांत महदंतर असते. अहवालांत बहुधा पहिली संख्या ठळक अक्षरांत छापली जाते आणि तिसरीसाठी रकानाच नसतो. ही स्थिती बदलणे कार्यालयाच्या हातात आहे.

दुसरी अडचण अंतराची आहे. विद्यापीठ परिसरातील विभागांना हे कार्यालय हाकेच्या अंतरावर आहे. करमाळा, सांगोला, अक्कलकोट, बार्शी येथील महाविद्यालयांना नाही. जिल्ह्यातील बहुसंख्य विद्यार्थी आणि शिक्षक याच महाविद्यालयांत आहेत, आणि बहुसंख्य प्रश्नही तेथेच आहेत. सांगोल्याच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकाला डाळिंबाच्या बागेतील अडचण वर्तमानपत्रातून कळत नाही. त्याच्या वर्गातील निम्मी मुले बागायतदारांची असतात. अशा शिक्षकाला आठवड्याच्या तासिका सांभाळून प्रयोग करावयाचा असेल, तर त्याला विद्यापीठातील उपकरण कोणत्या दिवशी मिळेल, नमुना तपासण्याचे शुल्क कोण भरेल, आणि बागायतदाराशी करार कोणाच्या सहीने होईल, या तीन प्रश्नांची उत्तरे कार्यालयाने दिली पाहिजेत. कार्यशाळा आणि उद्घाटन समारंभ यांची संख्या त्यामानाने आजही पुष्कळ आहे.

आणखी एक सूचना इतिहासाचा शिक्षक म्हणून करावीशी वाटते. मुंबईच्या गिरण्यांनी विद्यापीठाच्या प्राध्यापकांना कोणते प्रश्न विचारले, किती प्रश्न सुटले आणि किती परत गेले, याचा संगतवार इतिहास लिहावयाचा तर हा बहुतेक व्यवहार तोंडी किंवा खाजगी पत्रांतून झालेला असल्याचे आढळते. सोलापुरात हे काम नव्याने सुरू होत आहे. कार्यालयाकडे आलेली प्रत्येक पृच्छा, मग ती यंत्रमागधारकाची असो, शेतकऱ्याची असो वा एखाद्या विद्यार्थ्याची, तारखेनिशी एका नोंदवहीत उतरवावी. तिच्यावर काय कार्यवाही झाली हे लिहावे, नाकारलेल्या प्रस्तावांची कारणेही जपावीत, आणि ही नोंदवही दहा वर्षांनी रद्दीत न काढता विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे सुपूर्द करावी.